व्हर्च्युअल सर्व्हरवरचं डेटाबेस मॉनिटरिंग टूल सारखं हँग होतंय? आधी नेमकं कोण अडकलंय ते ठरवा

लक्षण ओळखीचं आहे. डॅशबोर्डचं पान उघडतं, दिवे हिरवेच दिसतात, पण आलेख रात्री सव्वादोनला जिथे थांबला तिथेच आहे. सर्व्हिस रिस्टार्ट मारली की सगळं सुरळीत होतं आणि आठवडाभराने पुन्हा तेच. नाशिकजवळच्या सातपूर-अंबडच्या मध्यम कारखान्यांत किंवा पिंपळगाव-दिंडोरी पट्ट्यातल्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये मांडणीही बहुधा सारखीच असते. एकच भौतिक सर्व्हर (होस्ट), त्यावर पाच-सहा व्हीएम, म्हणजे आभासी सर्व्हर, एकीत ईआरपीचा (धंद्याचा सगळा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) डेटाबेस, दुसरीत फाइल सर्व्हर, आणि उरलेल्या जागेत २ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर), ४ जीबी रॅमवर कोंबलेली मॉनिटरिंगची व्हीएम. काहींचा डेटाबेस मुंबई किंवा पुण्याच्या क्लाउडमध्ये असतो आणि मधे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा खाजगी बोगदा.

या मांडणीत टूल हँग होण्याची कारणं मोजकीच आहेत आणि त्यातली बरीचशी टूलमध्ये नसतातच. व्हीएमच्या आतून पाहिलं तर ती दिसतही नाहीत. होस्टने व्हीएम चाळीस सेकंद थांबवून ठेवली, तर आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या हिशेबात ते चाळीस सेकंद घडलेलेच नसतात. झोपेतून उठलेल्याला घड्याळ न दाखवता 'किती वेळ झोपलास?' असं विचारण्यातला प्रकार. म्हणून 'सीपीयू तर दहाच टक्के दिसतोय' एवढ्यावर टूल बदलायचा निर्णय घेऊ नका. नवं टूलही त्याच होस्टवर बसणार आहे.

रिस्टार्ट मारण्याआधी

रिस्टार्टने काम चालू होतं, पण पुरावा पुसला जातो. आधी पाच मिनिटं द्या. लिनक्सवर 'व्हीएमस्टॅट १ ३०' चालवा. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन चालू झाल्यापासूनची सरासरी असते. बाकीच्या ओळींत चार ठिकाणी बघा. 'बी' स्तंभ म्हणजे डिस्कसाठी ताटकळलेल्या प्रोसेस, 'एसआय-एसओ' म्हणजे स्वॅप (रॅम अपुरी पडल्यावर डिस्कवर हलवलेली मेमरी), 'डब्ल्यूए' म्हणजे डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ, आणि 'एसटी' म्हणजे होस्टने दुसऱ्या व्हीएमला दिलेला तुमचा सीपीयू.

मग 'पीएस'ने टूलच्या प्रोसेसची अवस्था बघा. 'डी' दिसली तर प्रोसेस कर्नलमध्ये, बहुतेक वेळा डिस्कवर अडकलेली आहे. ती 'किल -९'नेही मरणार नाही, उगाच मारत बसू नका. 'एस' असेल तर ती कशाची तरी वाट बघत झोपली आहे, बहुधा नेटवर्कची. 'आर' असून एक कोअर शंभर टक्के खात असेल तर दोष टूलच्या आतला.

त्यानंतर 'एसएस -टीएनओपी'. यात प्रत्येक टीसीपी कनेक्शनपुढे टायमर दिसतो आणि पुढे त्याचा फार उपयोग होतो. टूल जावावर चालत असेल तर 'जेस्टॅक'ने थ्रेड डंप घ्या, म्हणजे टूलच्या आतलं कोणतं काम कुठल्या ओळीवर आहे त्याची यादी. दहा-दहा सेकंदांनी तीन वेळा. एका डंपवरून काहीच कळत नाही. तिन्हींत तोच थ्रेड त्याच ओळीवर असेल तर तो अडकलाय असं म्हणता येतं. शेवटी 'डीमेसेज -टी'च्या शेवटच्या शंभरेक ओळी.

हे सगळं फाइलमध्ये साठवताना '/डेव्ह/एसएचएम'मध्ये लिहा. तो भाग रॅममध्ये असतो. डिस्कच गोठली असेल तर नेहमीच्या फोल्डरमध्ये लिहायला गेलेली तुमची कमांडही तिथेच अडकून बसते. एसएसएच पासवर्ड स्वीकारून पुढे हलतच नसेल, तर हेच घडतंय असं समजा आणि हायपरव्हायजरच्या (होस्टवर व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) कन्सोलवरून आत जा.

विंडोजवर टास्क मॅनेजरमधून प्रोसेसची डंप फाइल काढा आणि इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टीम लॉगमध्ये १२९ आणि १५३ क्रमांक शोधा. पहिला म्हणजे डिस्क कंट्रोलर रीसेट करावा लागला, दुसरा म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं. दोन्हींत टूल निर्दोष आहे, साठवण बघा.

एक सोपी शंका इथेच मिटवून टाका. ग्राफाना या आलेख दाखवणाऱ्या टूलचा डॅशबोर्ड तीस दिवसांच्या कालावधीवर लावून दर ५ सेकंदांना रिफ्रेश होत असेल तर फक्त ब्राउझरचा टॅब गोठतो, सर्व्हरला काहीही झालेलं नसतं. दुसऱ्या मशीनवरून 'शेवटची १५ मिनिटं' निवडून तेच पान उघडा. आकडे ताजे दिसले तर पुढचं वाचायची गरज नाही.

होस्टवर काय बघायचं

हायपरव्हायजर व्हीएमवेअरचा असेल तर पहिला आकडा सीपीयू रेडीचा. म्हणजे व्हीएम चालायला तयार होती, पण भौतिक कोअर मिळाला नाही, तो वेळ. व्हीसेंटरच्या रिअल-टाइम आलेखात तो मिलिसेकंदांत असतो आणि प्रत्येक नमुना २० सेकंदांचा. १००० मिलिसेकंद म्हणजे २० सेकंदांतला एक, ५ टक्के. हा हिशेब एका व्हीसीपीयूमागे करायचा. पूर्ण व्हीएमचा आकडा घेतलात तर व्हीसीपीयूंच्या संख्येने भागा. ५ टक्क्यांच्या वर गेला की लक्ष द्या, १० च्या वर असेल तर टूलचे टाइमआउट होणं नवल नाही. 'ईएसएक्सटॉप'मध्ये हाच आकडा टक्क्यांत मिळतो, शेजारी को-स्टॉपही दिसतो, म्हणजे एका व्हीसीपीयूला दुसऱ्यासाठी थांबवून ठेवलेला वेळ. को-स्टॉप ३ टक्क्यांपलीकडे असेल तर व्हीएमला गरजेपेक्षा जास्त व्हीसीपीयू दिले आहेत.

टूल संथ वाटलं की आपल्याकडे पहिला उपाय होतो तो म्हणजे व्हीसीपीयू वाढवणं. दोनाचे चार, चाराचे आठ. आधीच गर्दी असलेल्या होस्टवर याने दुखणं वाढतं, कारण हायपरव्हायजरला त्या व्हीएमचे जास्त व्हीसीपीयू साधारण एकाच वेगाने पुढे न्यावे लागतात आणि मागे पडलेल्यांसाठी पुढचे थांबवावे लागतात. आठ कोअरच्या होस्टवर ईआरपीला आठ, फाइल सर्व्हरला चार आणि मॉनिटरिंगला चार दिले असतील, तर मॉनिटरिंगचे चार कमी करून दोन करा आणि दोन दिवस आकडा बघा. मॉनिटरिंगच्या व्हीएमसाठी थोडं सीपीयू रिझर्व्हेशन (राखीव वाटा) ठेवणं हा वाढीव व्हीसीपीयूपेक्षा चांगला सौदा.

हायपर-व्हीवर परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये होस्टच्या बाजूने 'सीपीयू वेट टाइम पर डिस्पॅच' हा काउंटर लावा. आकडा नॅनोसेकंदांत येतो. केव्हीएम आणि प्रॉक्समॉक्सवर व्हीएमच्या आतला 'एसटी' स्तंभ पुरेसा बोलका असतो. व्हीएमवेअरच्या आत मात्र तो शून्य दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. जुन्या कर्नलवर आणि जुन्या आवृत्त्यांवर तो तिथे भरलाच जात नाही.

दुसरा संशयित मेमरी बलून. होस्टची रॅम कमी पडली की बलून ड्रायव्हर व्हीएमच्या आत फुगून रॅम परत काढून घेतो, आतली सिस्टीम टूलचं हीप (त्याची कामाची मेमरी) स्वॅपमध्ये ढकलते, आणि जावाच्या गार्बेज कलेक्शनला (जीसी, म्हणजे वापरात नसलेली मेमरी मोकळी करणारं काम) पूर्ण हीप चाळायचं असल्याने मेमरीचं एकेक पान डिस्कवरून आणावं लागतं. एरवी २०० मिलिसेकंदांत उरकणारा थांबा मिनिटभर चालतो. ओळखायची खूण जीसी लॉगमध्येच असते. 'रिअल' वेळ मोठा आणि 'युजर' अधिक 'सिस' त्याच्या मानाने किरकोळ, असं दिसलं तर जीसी काम करत नव्हता, वाट बघत होता. लिनक्सच्या आत 'व्हीएमवेअर-टूलबॉक्स-सीएमडी स्टॅट बलून' किती एमबी काढून घेतले ते सांगतो. उत्तर ० हवं. नसेल तर या व्हीएमची पूर्ण मेमरी रिझर्व्ह करा. ४ जीबीचाच प्रश्न आहे, होस्टला परवडतो. प्रॉक्समॉक्सवर या एका व्हीएमपुरतं बलूनिंग बंद करा, हायपर-व्हीवर डायनॅमिक मेमरी.

रोज एकाच वेळी हँग होत असेल तर बॅकअप

आलेख नेहमी रात्री दोन ते तीनच्या दरम्यान तुटत असेल, तर बॅकअपचं वेळापत्रक आणा आणि शेजारी ठेवा. बहुतेक बॅकअप सॉफ्टवेअर आधी स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमच्या डिस्कची त्या क्षणाची स्थिती, घेतं आणि काम संपल्यावर तो काढतं. घेताना व्हीएम क्षणभर थांबते, पण खरा त्रास काढताना होतो. दरम्यान साचलेले बदल मूळ डिस्कमध्ये मिसळावे लागतात आणि शेवटच्या टप्प्यात व्हीएम पुन्हा थांबते. डेटाबेसवर लिखाण जास्त आणि डेटास्टोअर (व्हीएमच्या फाइली ठेवायची जागा) साध्या फिरत्या डिस्कांवर असेल तर हा थांबा काही सेकंदांवरून बराच लांबतो.

पुरावा होस्टवर असतो. त्या व्हीएमच्या फोल्डरमधल्या 'व्हीएमवेअर डॉट लॉग'मध्ये 'अनस्टन' शब्द शोधा. 'व्हीएम स्टॉप्ड फॉर' या शब्दांपुढे मायक्रोसेकंदांत आकडा असतो. ४२०००००० म्हणजे ४२ सेकंद. आतल्या कर्नल लॉगमध्ये त्याच वेळी 'सीपीयू स्टक फॉर २२ सेकंद' अशी सॉफ्ट लॉकअपची ओळ दिसू शकते. ती वाचून कर्नल बदलायला धावू नका. कर्नलचा इशारा २० सेकंदांच्या मर्यादेवर बांधलेला असतो, एवढाच त्याचा अर्थ.

एसक्यूएल सर्व्हर असेल तर काम आणखी सोपं. एररलॉगमध्ये ३१९७ म्हणजे त्या डेटाबेसचं आयओ (वाचन-लेखन) गोठवलं, ३१९८ म्हणजे मोकळं केलं. दोन्हींमधलं अंतर हेच तुमचं हँग. ८३३ दिसला तर डिस्कवरच्या मागण्यांना १५ सेकंदांहून जास्त लागले आहेत, आणि तो बॅकअपच्या वेळेबाहेरही दिसत असेल तर डिस्क किंवा रेड कंट्रोलर तपासा.

प्रॉक्समॉक्सवर एक खास अडचण आहे. बॅकअप सुरू करताना गेस्ट एजंट (व्हीएमच्या आत चालणारा मदतनीस प्रोग्राम) फाइलसिस्टीम गोठवतो आणि त्याने ती लगेच सोडायला हवी. मधेच बॅकअप तुटला आणि सोडण्याचा हुकूम एजंटपर्यंत पोहोचलाच नाही, तर फाइलसिस्टीम गोठलेलीच राहते. वाचन चालतं, लिहायला गेलेली प्रत्येक प्रोसेस 'डी'मध्ये जाते. होस्टवरून 'क्यूएम गेस्ट सीएमडी', पुढे व्हीएमचा क्रमांक आणि 'एफएसफ्रीझ-स्टेटस' विचारा. 'फ्रोझन' आलं तर त्याच पद्धतीने 'एफएसफ्रीझ-थॉ' द्या. मशीन बंद-चालू करावी लागत नाही.

उपाय म्हणून डेटाबेसच्या व्हीएमचा आणि मॉनिटरिंगच्या व्हीएमचा बॅकअप एकाच वेळी ठेवू नका. डेटाबेसचा बॅकअप डेटाबेसच्या स्वतःच्या साधनाने घ्या आणि स्नॅपशॉटवाला बॅकअप कमी गर्दीच्या वेळी. द्राक्षाच्या हंगामात, साधारण जानेवारी ते एप्रिल, पॅकहाउस रात्रीही चालतात. तिथे 'रात्री दोन म्हणजे निवांत' हे गणित चुकतं. अपग्रेडच्या आधी घेतलेला स्नॅपशॉट विसरून महिनाभर राहिलेला नाही ना, हेही बघा. व्हीएमवेअरचा स्वतःचा सल्ला ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका असा आहे.

कनेक्शन मेलंय, पण टूलला कुणी सांगितलं नाही

डेटाबेस क्लाउडमध्ये किंवा फायरवॉलपलीकडे असेल तर हे कारण सगळ्यात आधी तपासा. थ्रेड डंपमध्ये 'सॉकेट रीड'वर थांबलेला थ्रेड तिन्ही वेळा तसाच, सीपीयू शून्य, डिस्क शांत, आणि डेटाबेसच्या बाजूला पाहावं तर ते कनेक्शन अस्तित्वातच नाही.

फायरवॉल, नॅट (वाटेत पत्ता बदलून देणारी सोय) आणि लोड बॅलन्सर निष्क्रिय कनेक्शन काही काळाने आपल्या तक्त्यातून काढून टाकतात आणि बहुतेकदा दोन्ही टोकांना कळवतही नाहीत. एडब्ल्यूएसच्या नॅट गेटवेची मर्यादा ३५० सेकंद आहे, ॲझ्युरच्या लोड बॅलन्सरची मूळ मर्यादा ४ मिनिटं. दर १० मिनिटांनी एकदाच चालणारी 'टेबलांचा आकार मोजा' ही क्वेरी आधीच उघडून ठेवलेल्या राखीव कनेक्शनवरून जात असेल, तर दर वेळी ती मेलेल्या कनेक्शनवर जाणार. व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवल्यावर किंवा राउटर रिस्टार्ट झाल्यावरही हेच होतं.

टूलला हे कळायला किती वेळ लागतो ते दोन गोष्टींवर ठरतं. क्वेरी पाठवली आणि तिची पोचच आली नाही, तर लिनक्स ती पुन्हा पुन्हा पाठवतो. 'टीसीपी रिट्राइज २' ची मूळ किंमत १५ आहे, म्हणजे हार मानायला साधारण १५ मिनिटं. 'एसएस'मध्ये अशा कनेक्शनपुढे टायमर 'ऑन' दिसतो. पण क्वेरीची पोच आली आणि उत्तर यायच्या आत पलीकडचं नाहीसं झालं, तर पुन्हा पाठवायला काही उरतच नाही. मग फक्त कीपअलाइव्ह, म्हणजे कनेक्शन जिवंत आहे का याची चाचपणी, वाचवू शकतो. तो मूळ सेटिंगमध्ये ७२०० सेकंदांनी, दोन तासांनी, पहिली चाचपणी करतो, आणि त्यानंतर ७५ सेकंदांच्या अंतराने ९ वेळा. तेही प्रोग्रामने कीपअलाइव्ह मागितलं असेल तरच. 'एसएस'मध्ये टायमरच दिसत नसेल तर मागितलेलं नाही, आणि तो थ्रेड रिस्टार्टपर्यंत तसाच बसून राहणार.

मॉनिटरिंगच्या व्हीएमवर 'टीसीपी कीपअलाइव्ह टाइम' १२० सेकंद, अंतर २० आणि प्रयत्न ५ ठेवा. मग ड्रायव्हरमध्ये सॉकेट टाइमआउट द्या. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर या तिन्हींच्या जेडीबीसी (जावातून डेटाबेसशी बोलणाऱ्या) ड्रायव्हरमध्ये त्याची मूळ किंमत ० आहे, म्हणजे अनंतकाळ थांब. इथे एक खड्डा आहे. पोस्टग्रेसच्या ड्रायव्हरमध्ये हा आकडा सेकंदांत असतो आणि बाकी दोघांत मिलिसेकंदांत. पोस्टग्रेसची ओळ उचलून मायएसक्यूएलला लावलीत तर ३० चा अर्थ ३० मिलिसेकंद होतो आणि व्हीपीएनवरून एकही क्वेरी पूर्ण होत नाही. तिथे ३०००० लिहा.

छोटी क्वेरी चालते, मोठी अडकते

लॉगिन होतं, 'सिलेक्ट १' लगेच येतं, पण चालू सेशनांची पूर्ण यादी मागितली की टूल थिजतं. ही एमटीयूची, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराची, खूण आहे. व्हीपीएनच्या बोगद्यात प्रत्येक पॅकेटला वरचं वेष्टन चढतं, १५०० बाइटचं पॅकेट मावत नाही, आणि 'तुकडे कर' सांगणारा आयसीएमपी संदेश मधल्या फायरवॉलने अडवलेला असतो. छोटी उत्तरं मावतात, मोठी वाटेतच हरवतात.

चाचणी एका मिनिटाची. लिनक्सवर पिंगला 'तुकडे करू नको' पर्याय देऊन १४७२ आकाराचं पॅकेट पाठवा. २८ बाइटचे हेडर धरून ते १५०० होतं. विंडोजवर त्यासाठी '-एफ -एल १४७२'. उत्तर आलं नाही तर १४५२, १४२०, १३७२ असं उतरत जा. जिथे उत्तर येतं त्यात २८ मिळवा, तो खरा एमटीयू. तात्पुरतं मॉनिटरिंगच्या व्हीएमच्या नेटवर्क कार्डाचा एमटीयू १४०० करून बघा. टूल लगेच चालू लागलं तर निदान पक्कं. कायमचा उपाय मात्र व्हीपीएनच्या राउटरवर टीसीपी एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा) आवळणं. १३५० च्या आसपास ठेवलं की बहुतेक बोगद्यांत भागतं. घरगुती दर्जाच्या फायबर लाइनवर पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने होणारी जोडणी) असेल तर तिथेच ८ बाइट आधी गेलेले असतात, ते हिशेबात धरा.

डेटाबेसच उत्तर देत नसेल

मॉनिटरिंगच्या क्वेरी निरुपद्रवी असतात हा समज सोडा. पोस्टग्रेसमध्ये टेबलाचा एकूण आकार विचारणारं फंक्शन त्या टेबलावर हलकं कुलूप मागतं. कुणी 'व्हॅक्युम फुल' किंवा 'ऑल्टर टेबल' चालवत असेल तर ते मिळत नाही आणि क्वेरी रांगेत उभी राहते. टूल दर मिनिटाला नवी क्वेरी सोडत राहिलं तर अर्ध्या तासात तीस कनेक्शनं अडकतात. मूळ मर्यादा १०० ची, त्यात ईआरपीची साठ-सत्तर आधीच आहेत. मग ईआरपी बंद पडतं आणि शिव्या डेटाबेसला बसतात.

मॉनिटरिंगसाठी वेगळा युजर ठेवा. पोस्टग्रेसमध्ये त्याला 'पीजी मॉनिटर' ही भूमिका द्या, कनेक्शन मर्यादा ५, आणि 'ऑल्टर रोल'नेच स्टेटमेंट टाइमआउट ५ सेकंद, लॉक टाइमआउट १ सेकंद बांधून टाका. टूलच्या सेटिंगवर विसंबू नका, अपग्रेडमध्ये ती मूळ जागी जातात.

मायएसक्यूएलमध्ये मेटाडेटा लॉकसाठी (टेबलाच्या रचनेवरच्या कुलपासाठी) थांबण्याची मूळ मर्यादा ३१५३६००० सेकंद आहे. पूर्ण एक वर्ष. मॉनिटरिंगच्या सेशनपुरती ती २ करा. 'मॅक्स एक्झिक्युशन टाइम' मिलिसेकंदांत असतो आणि फक्त सिलेक्टला लागू होतो. ५.७ किंवा त्याआधीच्या आवृत्तीवर 'इन्फॉर्मेशन स्कीमा'तून सगळ्या टेबलांचे आकार दर मिनिटाला विचारणं टाळा, एकेक टेबल उघडावं लागतं; दिवसातून दोनदा पुरे. ८.०.१४ पासून प्रशासकासाठी ३३०६२ हा वेगळा पोर्ट चालू करता येतो. कनेक्शनं भरली तरी तिथून आत जाता येतं.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये लॉक टाइमआउट मूळ -१ असतो, म्हणजे कितीही थांब. सेशनच्या सुरुवातीला २००० मिलिसेकंद द्या. 'अनकमिटेड (पक्का न झालेला डेटाही) वाचतोय, मग कुलपाचा प्रश्नच नाही' असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट: ऑब्जेक्टचं नाव देणारं अंगभूत फंक्शन ही वाचनाची पातळी, म्हणजे आयसोलेशन लेव्हल, मानत नाही. इंडेक्स बांधणी चालू असताना तिथेच अडकतं.

टूलचं स्वतःचं घर

टूलचा स्वतःचाही डेटाबेस असतो आणि तो बहुतेक ठिकाणी दुर्लक्षित राहतो. झॅबिक्स या मॉनिटरिंग टूलमध्ये हाउसकीपर मूळ सेटिंगने तासाला एकदा जुना इतिहास पुसतो. टेबलं फुगली की ते काम पुढचा तास उजाडेपर्यंत संपत नाही, डिस्क सतत व्यस्त राहते आणि पान उघडायलाच मिनिट लागतं. दर तासाच्या ठरावीक मिनिटाला टूल जड होत असेल तर हाच. इतिहास ९० दिवसांऐवजी १४ ठेवा, ट्रेंड (तासातासाचा गोषवारा) वर्षभर ठेवा, आणि टेबलं मोठी असतील तर त्यांचे तारखेनुसार तुकडे, म्हणजे पार्टिशन, करा. मग पुसणं म्हणजे एक पार्टिशन टाकून देणं.

पोलर, म्हणजे आकडे गोळा करणाऱ्या प्रोसेस, त्याही बघा. पोलर प्रोसेस ७५ टक्क्यांवर व्यस्त असल्याचा इशारा आला की लोक त्यांची संख्या वाढवतात. ६.० च्या आधीच्या आवृत्त्यांत ओडीबीसीच्या (डेटाबेसला थेट विचारलेल्या) क्वेरी याच साध्या पोलरवर चालतात, त्यामुळे एक बंद पडलेला डेटाबेस सगळे पोलर अडवून ठेवू शकतो. आधी अडलेली क्वेरी शोधा, संख्या नंतर. पोहोचत नसलेल्या होस्टसाठीचा (झॅबिक्समध्ये होस्ट म्हणजे नजरेखालची मशीन) पोलर मूळ सेटिंगमध्ये एकच असतो. व्हीपीएन पडल्यावर दहा होस्ट एकदम जातात तेव्हा तो ३-४ असलेला बरा.

प्रॉमिथियस या टूलमध्ये स्क्रेपची, म्हणजे आकडे गोळा करण्याच्या एका फेरीची, मूळ मर्यादा १० सेकंद. एक्सपोर्टरच्या (त्याला आकडे पुरवणाऱ्या प्रोग्रामच्या) एखाद्या क्वेरीला १२ लागले तर त्या फेरीचे सगळेच आकडे जातात, फक्त त्या क्वेरीचे नव्हे. स्क्रेपला किती वेळ लागला याचा आलेख काढा. ८ च्या वर जायला लागला की जड क्वेरी वेगळ्या जॉबमध्ये, २ मिनिटांच्या अंतरावर हलवा. रिस्टार्टनंतर प्रॉमिथियस आपला लॉग पुन्हा वाचतो, त्यात काही मिनिटं जातात. तेवढ्यात 'अजूनही हँग आहे' म्हणून परत रिस्टार्ट मारलात तर वाचन पहिल्यापासून सुरू.

उरलेली काही

घड्याळ. व्हीएम सस्पेंड होऊन उठली की तिचं घड्याळ मागे राहू शकतं. क्रोनी या वेळ जुळवणाऱ्या प्रोग्राममध्ये नेहमीची ओळ 'मेकस्टेप १.० ३' असते, म्हणजे पहिल्या तीन फेऱ्यांतच एकदम उडी. नंतर हळूहळू ओढत नेणं, आणि ५ मिनिटांचा फरक भरायला जवळजवळ तासभर जातो. तोवर टूल नव्या आकड्यांवर मागचीच वेळ टाकतं आणि आलेख मागे राहतो. मॉनिटरिंगच्या व्हीएमवर 'मेकस्टेप १ -१' (केव्हाही उडी) ठेवा. डेटाबेसच्या व्हीएमवर ठेवू नका, तिथे वेळ मागे उडी मारणं महागात पडतं. वेळ जुळवण्याचं काम क्रोनीकडे द्या किंवा हायपरव्हायजरच्या टूल्सकडे, दोघांकडे नको. आणि आलेख बरोबर साडेपाच तास सरकलेला असेल तर घड्याळ ठीक आहे, टाइमझोन चुकलाय.

जुन्या लिनक्सवर, म्हणजे रेड हॅट ७ सारख्या ३.१० कर्नलवर, जावाचं टूल किंवा ओरॅकलचं कनेक्शन सुरू होतानाच मिनिट-मिनिट थांबत असेल तर एन्ट्रॉपी, म्हणजे यादृच्छिक आकडे बनवायला लागणारा साठा, तपासा. व्हीएमला माउस-कीबोर्ड-डिस्कची नैसर्गिक हालचाल कमी मिळते आणि 'डेव्ह रँडम' वाट बघत बसतो. 'एन्ट्रॉपी अव्हेल' दोनशेच्या खाली असेल तर आरएनजी-टूल्स बसवा किंवा केव्हीएमवर व्हर्टिओ-आरएनजी जोडा. ५.६ पासूनच्या कर्नलवर ही अडचण उरलेली नाही.

एडब्ल्यूएसच्या क्लाउडमध्ये टी२ जातीची मशीन असेल तर सीपीयू क्रेडिट संपल्यावर 'एसटी' एकदम वर जातो. जीपी२ डिस्क १०० जीबीची असेल तर तिची कायमची क्षमता ३०० आयओपीएस (सेकंदाला वाचन-लेखनं). ३००० ची उसळी पूर्ण क्रेडिटवर साधारण ३३ मिनिटं टिकते. सकाळी अर्धा तास छान आणि मग संथ, ही त्याची खूण. जीपी३ वर हलवलं की ३००० कायमचे मिळतात.

वीज जाऊन आल्यावर

एप्रिल-मे महिन्यांतल्या वळवाच्या पावसात किंवा महावितरणच्या देखभालीच्या दिवशी यूपीएस संपला की होस्ट बंद पडतो आणि वीज आल्यावर सगळ्या व्हीएम एकदम उठतात. मॉनिटरिंगची व्हीएम हलकी, ती आधी उठते. तिला डेटाबेस सापडत नाही, सर्व्हिस पडते, सिस्टीमडी (लिनक्समधला सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्राम) ती पुन्हा चालू करतो. मूळ सेटिंगमध्ये १० सेकंदांत ५ प्रयत्न झाले की सिस्टीमडी नाद सोडतो. सकाळी येऊन बघावं तर सर्व्हिस 'फेल्ड'. सर्व्हिस फाइलमध्ये 'रिस्टार्ट सेक' ३० करा, म्हणजे मर्यादा कधी गाठलीच जात नाही. होस्टच्या ऑटोस्टार्टमध्ये आधी डेटाबेस, मग ईआरपी, शेवटी मॉनिटरिंग असा क्रम लावा; ईएसएक्सआयमध्ये दोन व्हीएममधलं मूळ अंतर १२० सेकंद असतं, ते पुरतं.

टूल थांबलंय हे सांगायला त्याच होस्टवरचा इशारा कामाचा नाही. होस्टच्या बाहेर, ऑफिसातल्या कुठल्याही जुन्या डेस्कटॉपवर, दर ५ मिनिटांनी एक छोटी स्क्रिप्ट चालू द्या. तिने टूलच्या डेटाबेसमधल्या शेवटच्या नोंदीची वेळ विचारायची आणि ती १० मिनिटांपेक्षा जुनी असेल तर एसएमएस पाठवायचा. पान उघडतंय का हे तपासू नका, पान उघडतंच. तीच स्क्रिप्ट एसएमएसआधी मॉनिटरिंगच्या व्हीएमवर 'व्हीएमस्टॅट', 'एसएस' आणि थ्रेड डंप घेऊन आपल्याकडे साठवेल अशी लिहा, आणि तिच्या एसएसएचला १० सेकंदांचा टाइमआउट द्या, नाहीतर गोठलेल्या व्हीएमशी बोलायला जाऊन तीही तिथेच अडकेल.